यूएसबी, फायरवायर, थंडरबोल्ट: पोर्टच्या भांडणात कंपन्यांचा पैसा कुठे जातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १९९८ पासून जळगावात कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीचं दुकान चालवतो. काउंटरवर दोन तऱ्हेची माणसं येतात. एकाच्या हातात न बसणारी केबल असते. दुसऱ्याने हार्डवेअर कंपनीचे शेअर घेतलेले असतात आणि त्याला त्या कंपनीचं पुढे काय होणार ते विचारायचं असतं. दोघांच्या प्रश्नाचं मूळ एकच आहे, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहिली आहेत.

“भाऊ, पिन तं तीच शे, मंग चालत काबर नही?”

पिन म्हणजे बाहेरचा आकार. स्टँडर्डमध्ये त्याहून बरंच काही येतं: किती व्होल्ट द्यायचे, कोणती तार कशासाठी वापरायची, दोन यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं, आधी कोणी बोलायचं. टाइप-सीचा आकार २०१४ मध्ये ठरला. त्या एकाच आकारातून यूएसबी २.०चे सेकंदाला ४८० मेगाबिटही जातात आणि यूएसबी४चे ४० गिगाबिटही. चार्जरसोबत आलेल्या बऱ्याच केबलींमध्ये जलद डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. त्यामुळे मोबाइल चार्ज होतो, पण मॉनिटर लागत नाही.

पाचोरा-जामनेर गाडी, आपली पीजे, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. तिचे रूळ ७६२ मिलिमीटरचे, तर पाचोऱ्याहून जाणाऱ्या मुंबई-भुसावळ मार्गाचे १६७६ मिलिमीटरचे. दोन्ही रूळ आपापल्या जागी नीट चालले. पण पाचोऱ्याला माणसाला गाडी बदलावी लागायची आणि मालाला हमाल लागायचा. कॉम्प्युटरच्या जगात कन्व्हर्टर आणि डोंगल हीच हमाली करतात. ही हमाली कोण देतो आणि कोणाच्या खिशात जाते, यावर कंपन्यांचे डाव ठरतात.

नवीन पोर्ट निवडताना कंपनीचे पैसे नेमके कशात अडकतात?

सगळ्यात जास्त चिपमध्ये. पोर्टच्या मागे कंट्रोलर चिप असते. ती डिझाइन करायला, तपासायला आणि कारखान्यात बनवून घ्यायला काही वर्षं लागतात. म्हणजे आज निर्णय घेतला तर माल बाजारात येईपर्यंत बाजार कुठे असेल, हे आजच ओळखावं लागतं. त्यानंतर कनेक्टरचे साचे, प्रमाणपत्राच्या चाचण्या, विंडोज आणि मॅकसाठी ड्रायव्हर, म्हणजे पोर्ट चालवणारं सॉफ्टवेअर, आणि ते ड्रायव्हर पुढची दहा वर्षं सांभाळणारी माणसं. शेवटी गोदामातला माल.

गोदामातला माल काय असतो, ते मी स्वतः भोगलं आहे. दोन हजार सालानंतर आपल्याकडच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी मिनी डीव्ही कॅमेरे घेतले. कॅसेटवरचं चित्रण कॉम्प्युटरवर घ्यायला फायरवायर या यूएसबीसारख्या दुसऱ्या पोर्टचं कार्ड लागायचं. चोपडा, एरंडोल, पारोळा, थेट शिरपूरहून स्टुडिओवाले माझ्याकडे यायचे. मी कार्ड आणि केबली भरपूर भरून ठेवल्या. मग मेमरी कार्डवर चित्रण करणारे कॅमेरे आले. कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, काम झालं. दोन लग्नसराईंत मागणी आटली आणि डबे फळीवर तसेच राहिले. माझं नुकसान काही हजारांचं होतं. पण त्या दिवसापासून कुठल्याही कंपनीच्या नव्या पोर्टची जाहिरात पाहिली की मला तिचं गोदाम दिसतं.

फायरवायर जास्त वेगवान होतं. मग यूएसबी कसं जिंकलं?

या प्रश्नावर मी मुद्दाम जास्त लिहितो, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची किल्ली इथेच आहे.

फायरवायर १९९५ मध्ये आयईईई १३९४ या नावाने मंजूर झालं. अॅपलने ते पुढे आणलं, सोनीने त्याला आय-लिंक म्हटलं. वेग ४०० मेगाबिट. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली, तिचा वेग होता फक्त १२ मेगाबिट. तेहतीस पट फरक! कागदावर ही लढाईच नव्हती.

पण दोघांच्या रचनेत एक मूळ भेद होता. फायरवायरमध्ये दोन यंत्रं बरोबरीची असतात. कॅमेरा कॉम्प्युटरशिवाय दुसऱ्या कॅमेऱ्याशी बोलू शकतो. त्यासाठी प्रत्येक यंत्रात अक्कल घालावी लागते, आणि अक्कल असलेली चिप महाग पडते. यूएसबीमध्ये सगळी अक्कल कॉम्प्युटरच्या बाजूला ठेवली. माउसने फक्त विचारल्यावर उत्तर द्यायचं. त्यामुळे माउस, कीबोर्ड, प्रिंटर बनवणाऱ्याला स्वस्तातली चिप पुरली. जगात कॉम्प्युटर जितके विकले जातात त्याच्या कितीतरी पट जोडसामान विकलं जातं, म्हणून स्वस्ताई नेमकी कोणत्या टोकाला आहे याला फार महत्त्व आहे.

दुसरं कारण पैशाच्या दाराचं. यूएसबी कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी मिळून केलं आणि पेटंटवर रॉयल्टी घ्यायची नाही असं ठरवलं. इंटेलमधल्या ज्या गटाने हे काम केलं त्यात अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. इंटेलने १९९६ पासूनच आपल्या चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये, यूएसबीचा कंट्रोलर घालून दिला. म्हणजे मदरबोर्ड बनवणाऱ्याला चिपसेट घेतला की यूएसबी आपोआप मिळालं, वेगळी चिप नको आणि वेगळा करार नको. फायरवायरला मात्र वेगळी चिप लागायची. त्यात १९९९ च्या सुरुवातीला अॅपलने दर पोर्टमागे एक डॉलर मागितल्याची बातमी पसरली. आरडाओरडा झाल्यावर पेटंटधारकांनी एकत्र येऊन तो दर एका यंत्रामागे पंचवीस सेंटवर आणला. पण तोवर इंटेलचा फायरवायर चिपसेटमध्ये घालण्याचा विचार मागे पडला होता.

एक डॉलर म्हणजे काय मोठं, असं ग्राहकाला वाटतं. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीला विचारा. तिथे एका बोर्डावर सुटणारा नफाच काही डॉलरचा असतो. त्यातला एक डॉलर नुसता भोकासाठी द्यायचा आणि तोही प्रतिस्पर्ध्याच्या खिशात, हे कोण करेल?

एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आलं, वेग ४८० मेगाबिट. प्रत्यक्ष मोठी फाइल कॉपी करताना फायरवायर तरीही पुढे राहायचं, हे मी दुकानात घड्याळ लावून पाहिलं आहे. पण खोक्यावरचा आकडा यूएसबीचा मोठा होता आणि पोर्ट प्रत्येक मशीनवर होतं. अॅपलचा पहिला आयपॉड २००१ मध्ये फक्त फायरवायरवर चालायचा. पुढे विंडोजवाल्या गिऱ्हाइकासाठी त्यांना यूएसबी द्यावंच लागलं. ज्याने रस्ता बांधला त्यालाच दुसऱ्याच्या रस्त्यावरून माल न्यावा लागला.

मग चांगलं तंत्र नेहमी हरतं का?

नाही. महाग प्रवेशाचं तंत्र हरतं, आणि ते बऱ्याचदा चांगलंही असतं, म्हणून तसा समज होतो. आयबीएमचं उदाहरण घ्या. १९८७ मध्ये त्यांनी पीएस/२ मशीनसोबत मायक्रो चॅनल नावाची नवी बस, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड जोडायची वाट, आणली. जुन्या रचनेपेक्षा ती सरस होती, पण ती वापरायची तर परवाना आणि रॉयल्टी. १९८८ मध्ये कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी धरून नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी ईसा ही स्वतःची बस जाहीर केली. शेवटी १९९२ मध्ये इंटेलची पीसीआय आली आणि दोघांची जागा तिने घेतली. मायक्रो चॅनल गेलं, पण त्याच मशीनवरची कीबोर्ड-माउसची गोल पिन पीएस/२ या नावाने, नंतर जांभळ्या-हिरव्या रंगात, पुढे कित्येक वर्षं मदरबोर्डवर टिकली.

चुकीच्या बाजूला मोठा पैसा लावला तर काय होतं?

रॅम्बसची गोष्ट सांगतो. प्रोसेसर आणि रॅम यांच्यातली जोडणी हेही स्टँडर्डच आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंटेलने ठरवलं की पुढची रॅम रॅम्बस कंपनीच्या डिझाइनची. ती बनवणाऱ्या प्रत्येकाने रॅम्बसला रॉयल्टी द्यायची. चिप कारखाने नाखूश होते. त्यांनी ती बनवावी म्हणून इंटेलने १९९८ मध्ये मायक्रॉनमध्ये ५० कोटी डॉलर आणि १९९९ मध्ये सॅमसंगमध्ये १० कोटी डॉलर गुंतवले. दुसऱ्या बाजूला रॅम कंपन्यांनी जेडेक या सामायिक संस्थेत डीडीआर ही दुसरी रॅम तयार केली.

नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तेव्हा त्याला फक्त रॅम्बसची रॅम चालायची. आमच्याकडे गिऱ्हाईक प्रोसेसरची किंमत ऐकून मान डोलवायचं आणि रॅमची किंमत ऐकून उठायचं. प्रतिस्पर्धी एएमडीचा अॅथलॉन प्रोसेसर डीडीआरवर चालत होता. इंटेलने २००१ मध्ये साध्या एसडीरॅमवर चालणारा ८४५ चिपसेट काढला आणि लगोलग त्याला डीडीआर जोडली. माझ्या मते यात पैशापेक्षा वेळ जास्त गेला, आणि तो वेळ एएमडीने वापरला. इंटेलकडे भांडवल होतं म्हणून ती वळू शकली. हाच डाव एखाद्या छोट्या कंपनीने लावला असता तर तिला वळायला रस्ताच राहिला नसता.

छोट्या कंपन्यांना यात काहीच कमाई नाही का?

आहे, पण खिडकी उघडी असेपर्यंतच. यूएसबी ३.० नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झालं. इंटेलने ते आपल्या चिपसेटमध्ये घालायला २०१२ उजाडलं. एएमडीने २०११ मध्ये घातलं. मधल्या तीनेक वर्षांत बोर्डवर यूएसबी ३.० द्यायचं तर वेगळी चिप विकत घ्यावी लागायची. एनईसीची, जी पुढे रेनेसासच्या नावाने विकली गेली, ती पहिली आली, मग एएसमीडिया आणि इतरांच्या आल्या. त्या काळात या कंपन्यांना चांगली मागणी होती. चिपसेटमध्ये तेच फुकट मिळू लागल्यावर मदरबोर्डवरची त्यांची जागा आकसली.

अशा कंपनीचे शेअर घेताना एकच गोष्ट आधी बघा: ती विकते ते काम मोठी चिप कंपनी आपल्या पोटात कधी घेणार आहे? अॅडाप्टेकचं नाव आता फारसं कोणाला आठवत नाही. हार्ड डिस्क जोडणाऱ्या स्कझी कार्डांत ती एकेकाळी राजा होती. हार्ड डिस्क जोडायला स्वस्त आणि मदरबोर्डवरच मिळणारी साटा जोडणी आली, आणि २०१० मध्ये अॅडाप्टेकचा स्टोरेज व्यवसाय पीएमसी-सिएराला साधारण ३.४ कोटी डॉलरला विकला गेला.

आमच्या दालमिलच्या वजनकाट्याला अजून नऊ पिनांचं सीरियल पोर्ट आहे. ते बदलावं का?

काटा नीट वजन देत असेल तर अजिबात नाही. या पोर्टमागचं आरएस-२३२ हे स्टँडर्ड १९६० च्या दशकातलं आहे आणि काट्यासारख्या कामाला आजही पुरेसं आहे. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्ट नसतं, म्हणून यूएसबी-सीरियल केबल लागते. ही केबल म्हणजे पाचोऱ्याचा हमाल. आणि बघा, या हमालीवरही कंपन्या उभ्या आहेत: एफटीडीआय, प्रोलिफिक. जुनं मरत नाही आणि नवं त्याला ओळखत नाही, तोवर त्यांचा धंदा चालतो.

केबल मात्र अस्सल चिपची घ्या. एफटीडीआयच्या नकली चिप बाजारात इतक्या पसरल्या की ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य केला. केबल जागच्या जागी निकामी. तुरीचा हंगाम, बाहेर ट्रकांची रांग आणि काटा कॉम्प्युटरला दिसत नाही, अशी वेळ दोनशे रुपये वाचवण्यासाठी ओढवून घेऊ नका.

थंडरबोल्ट इतकं चांगलं असून इतकी वर्षं महाग का राहिलं?

कारण या जलद पोर्टचं दार एकाच घराचं होतं. इंटेलने ते फेब्रुवारी २०११ मध्ये अॅपलच्या मॅकबुक प्रोवर आणलं. कंट्रोलर चिप इंटेलची, प्रमाणपत्र इंटेलचं. केबलच्या दोन्ही टोकांत चिप असायच्या, अॅपलची दोन मीटरची केबल तेव्हा ४९ डॉलरला होती. जोडसामान बनवणाऱ्या कंपन्यांनी हात राखून पैसे लावले. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांसाठी माल काढला, सामान्य माणसासाठी नाही.

फायरवायरचा धडा इंटेलला आठवला असावा. २०१५ मध्ये थंडरबोल्ट ३ने टाइप-सीचाच आकार घेतला. २०१७ मध्ये इंटेलने रॉयल्टी न घेता तंत्र खुलं करायचं जाहीर केलं आणि २०१९ मध्ये ते यूएसबीच्या गटाला दिलं. त्यावरच यूएसबी४ उभं राहिलं. मला हा निर्णय मोठा वाटतो. रॉयल्टीचा टोल सोडला आणि रस्ता रुंद झाला. रस्ता रुंद झाला की इंटेलचे प्रोसेसर विकले जातात, मिळकत तिथे आहे.

सरकारने कायदा केला की गुंतवणुकीवर काय फरक पडतो?

अनिश्चितता संपते. अॅपलने २०१२ मध्ये आयफोनसाठी लाइटनिंग हे स्वतःचं पोर्ट आणलं आणि त्याचं जोडसामान बनवणाऱ्यांना परवाना घ्यावा लागायचा. युरोपीय संघाने मोबाइल आणि टॅब्लेटसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी बंधनकारक केलं, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठेवली. अॅपलने त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ला टाइप-सी दिलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं भारतीय मानक प्रसिद्ध केलं.

माझ्यासारख्या दुकानदाराला याचा थेट फायदा झाला. पूर्वी तीन तऱ्हेचे चार्जर भरावे लागायचे, आता भांडवल एकातच लागतं. केबल कंपन्यांना मात्र साचे बदलावे लागले.

आता एआयच्या मोठ्या मशीनमध्ये हेच भांडण सुरू आहे म्हणतात. तिथे बंद स्टँडर्ड कसं काय चालतं?

हा प्रश्न मला शेअर घेणारी तरुण मुलं विचारतात, आणि माझ्या सगळ्या मताला इथे अपवाद सापडतो, म्हणून नीट उत्तर देतो. एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाची एनव्हीलिंक ही स्वतःच्या चिप एकमेकींना जोडणारी बंद जोडणी आहे. २०१६ च्या पी१०० चिपपासून ती वापरात आहे. मोठ्या अंतरासाठी कंपनीने मेलानॉक्सच विकत घेतली. तो सौदा २०१९ मध्ये सुमारे ६९० कोटी डॉलरला ठरला आणि एप्रिल २०२० मध्ये पुरा झाला. मेलानॉक्सकडे इन्फिनिबँड ही मशीन एकमेकांना जोडणारी जलद जोडणी होती.

यूएसबीच्या बाबतीत दोन टोकांना दोन वेगळ्या कंपन्या असतात: लॅपटॉप एकाचा, प्रिंटर दुसऱ्याचा. म्हणून सगळ्यांना परवडेल असं दार लागतं. एनव्हीलिंकच्या दोन्ही टोकांना एनव्हिडियाच असते, आणि गिऱ्हाईक सुटी केबल घेत नाही, कपाटभर मशीन एकदम घेतं. टोल वेगळा दिसतच नाही, तो मशीनच्या किमतीत विरघळलेला असतो. बाकीच्यांनी मग जे १९८८ मध्ये नऊ कंपन्यांनी केलं तेच केलं. एएमडी, ब्रॉडकॉम, गुगल, इंटेल, मेटा, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी मे २०२४ मध्ये यूएलिंक या सामायिक जोडणीसाठी गट केला आणि त्याची पहिली आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये निघाली. पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने एनव्हीलिंक फ्यूजन जाहीर करून इतरांच्या चिपला थोडं दार उघडलं. हे थोडं उघडलेलं दार पुढे किती उघडतं, यावर माझं लक्ष आहे.

अमळनेरच्या लोकांनी विप्रोचे शेअर धरून ठेवले आणि त्यांचं भलं झालं. मीही हार्डवेअर कंपनीचा शेअर धरून ठेवू का?

विप्रो १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली आणि गावातल्या घराघरांत तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या राहिले, याचा आम्हा खान्देशी माणसांना अभिमान आहे. पण ती मिळकत कॉम्प्युटर विकून झाली असं समजू नका. विप्रोने ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर बनवले आणि २०१३ मध्ये स्वतःच्या नावाचे पीसी बनवणं थांबवलं. मोठी वाढ सॉफ्टवेअर सेवांतून झाली. दुसऱ्याच्या स्टँडर्डवर मशीन जुळवून विकणाऱ्याला नफा बारीकच सुटतो, मग कंपनी कितीही प्रामाणिक असो.

कोणता शेअर घ्या ते मी सांगत नाही, ते माझं काम नाही. वार्षिक अहवाल वाचताना मी काय शोधतो एवढं सांगतो. कंपनी टोल घेणारी आहे की देणारी? तिचं उत्पन्न एकाच पोर्टवर उभं आहे का? ज्या गटात स्टँडर्ड ठरतं तिथे तिची माणसं बसतात का? आणि गोदामातला माल विक्रीपेक्षा वेगाने वाढतो आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर मला माझी फळी आठवते.

एमआयडीसीत चटईचं नवीन मशीन घेतोय. कंट्रोलरची जोडणी बघायची असते का?

अवश्य बघा. मशीन पंधरा वर्षं चालतं आणि विकणारा इंजिनिअर तीन वर्षांत नोकरी बदलतो. कंट्रोलर मॉडबस या कारखान्यातल्या यंत्रांच्या भाषेत बोलतो का, एवढं विचारा. मॉडबस १९७९ चं आहे, खुलं आहे आणि कुठल्याही कंपनीचा मीटर किंवा डिस्प्ले त्याला जोडता येतो. फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरने आणि त्यांच्याच केबलने उघडणारं मशीन स्वस्त मिळत असेल, तर पुढच्या दुरुस्तीचे पैसे आजच किमतीत धरा.

माझ्या लग्नाच्या मिनी डीव्ही कॅसेटी घरात आहेत. आता कॉम्प्युटरवर घेता येतील का?

येतील, पण थांबू नका. चालू कॅमेरा, फायरवायर पोर्ट असलेलं मशीन आणि चार पिन ते सहा पिन केबल, तिन्ही लागतात. अॅपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायर काढून टाकलं. लिनक्समध्ये ते सांभाळणाऱ्याने २०२९ पर्यंतच सांभाळायचं ठरवलं आहे. माझ्याकडे विंडोज एक्सपीचं एक जुनं मशीन मी याच कामासाठी चालू ठेवलं आहे, त्या न विकलेल्या कार्डांपैकी एक त्यात बसवलेलं आहे. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. टेपला बुरशी दिसली तर कॅमेऱ्यात घालू नका, तशीच घेऊन या.